शेतातील कामासाठी लाकडी दांड्याची चांगली कुऱ्हाड कशी निवडावी आणि तिची निगा कशी राखावी?

वाई तालुक्यातील शेतावर फांद्या तोडण्यासाठी आणि सरपण फोडण्यासाठी एकच कुऱ्हाड हवी, आणि तिला लोखंडी नळीचा नव्हे तर लाकडाचाच दांडा हवा, असे आपण लिहिले आहे. माझे मत असे, की पाते आणि दांडा वेगवेगळे घ्यावेत, आणि पात्यापेक्षा दांडा निवडण्यात अधिक वेळ घालवावा, कारण कुऱ्हाड अडगळीत पडते ती बहुधा दांड्यापायी.

पाते एक ते सव्वा किलोचे पुरे. ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यापासून लोहाराने घडवलेले आणि नीट पाणी दिलेले, म्हणजे तापवून व बुडवून कडक केलेले, पाते दुकानातील रंगवलेल्या पात्याला हार जात नाही. धारेवर कानस हलकेच ओढून पाहावी: ती नुसतीच घसरली तर धार फार कडक असून गाठीवर तिचा टवका उडू शकतो, खोल रुतली तर धार मऊ असून मुडपेल, आणि किंचित धरून सरकली तर पाते घ्यावे.

दांड्यासाठी मी बाभूळ पसंत करतो. धावडा मिळाला तर तो अधिक चिवट. साग देखणा असतो, परंतु घावाचा धक्का त्याला तितकासा सोसत नाही. परदेशी कुऱ्हाडींना असणारा हिकरीचा (अमेरिकेतील एका चिवट लाकडाचा) दांडा उत्तमच, मात्र तो मोडल्यावर त्याच्या जोडीचा दुसरा इथे शोधत बसावे लागते. लाकूड कोणतेही असो, त्याचे तंतू दांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग गेले पाहिजेत. ते मध्येच तिरपे होऊन कडेला बाहेर पडत असतील तर दांडा नेमका तिथेच चिरतो. करवतीने कापलेल्या फळीपेक्षा पाचर मारून फोडलेल्या ओंडक्यातून काढलेला दांडा म्हणूनच चांगला. लांबी दोन ते अडीच फूट ठेवावी, गाठ नसावी, आणि लाकूड सावलीत पूर्ण वाळलेले असावे.

वाळण्याचा मुद्दा आपल्या सातारा जिल्ह्यात विशेष महत्त्वाचा आहे. महाबळेश्वरात वर्षाला साधारण ५,५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर माण तालुक्यात तो ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो, आणि वाई या दोहोंच्या मधली. पावसाळ्यात फुगलेले लाकूड चैत्र-वैशाखात आकसते आणि नेढ्यातला, म्हणजे पात्याच्या भोकातला, दांडा खुळखुळू लागतो. अशा वेळी कुऱ्हाड रात्रभर हौदात बुडवून ठेवण्याची सर्रास पद्धत आहे, आणि ती मला अजिबात मान्य नाही. पाण्याने फुगलेले तंतू लोखंडाच्या कडेवर दाबले जाऊन चेंगरतात, त्यामुळे सुकल्यावर दांडा पूर्वीपेक्षा सैल होतो. त्याऐवजी पाते खाली लोंबते ठेवून दांड्याच्या मोकळ्या टोकावर मोगरीने ठोकावे, म्हणजे पाते स्वतःच्या जडपणामुळे दांड्यावर घट्ट बसते, आणि नंतर वाळलेल्या कठीण लाकडाची नवी पाचर मारावी.

दांड्यावर व्हार्निश असल्यास ते काचेच्या तुकड्याने खरडून जवसाचे तेल पातळ हाताने चोळावे आणि ते मुरल्यावर पुन्हा द्यावे. जवसाचे तेल हवेने सुकून घट्ट होते, शेंगदाण्याचे चिकट राहते. मात्र जवसाच्या तेलाच्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून मोकळ्या पसरून वाळवाव्यात.

धार कानशीने आणि मग पाणी लावलेल्या दगडावर काढावी. विजेच्या ग्राइंडरवर कड निळसर झाली, की तिथले पाणी उतरले असे समजावे, आणि मग लोहाराकडून पाते तापवून-ठोकून पुन्हा पाणी देऊन घेण्यावाचून गत्यंतर नसते. कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने पहार किंवा छिन्नी ठोकू नये, कारण नेढे वाकडे झाल्यावर कोणताच दांडा नीट बसत नाही.

आता थोडे कायद्याविषयी. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ नुसार अनुसूचित झाडे स्वतःच्या शेतातील असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, तेव्हा पूर्ण झाड पाडायचे असल्यास आधी वन विभागाच्या कार्यालयात चौकशी करावी.