उंदराला नायक करण्याआधी
मुलांसाठी बोलक्या प्राण्यांची कादंबरी लिहिताय? सगळ्यात आधी ठरवा, तुमच्या जगात कोण कोणाला खातं? पहिली कादंबरी बहुतेक इथेच फसते. कोल्हा आणि ससा पहिल्या प्रकरणात गप्पा मारतात, मग पाचव्या प्रकरणापर्यंत कोल्हा जेवतो काय? बोलणारा प्राणी भक्ष्य नाही, मासे-किडे बोलत नाहीत, असा काहीतरी नियम करा आणि शेवटपर्यंत पाळा. १० वर्षांचा वाचक ही गफलत संपादकाआधी पकडतो.

मग उंची. उंदराचे डोळे जमिनीपासून जेमतेम २-३ सेंटिमीटरवर. त्याला ओहोळ म्हणजे नदी, पायरी म्हणजे कडा. मुलांना ही पुस्तकं धरून ठेवतात ती माझ्या मते यामुळेच. मोठ्यांच्या मापाच्या जगात वावरायची त्यांना रोजची सवय असते. लिहिण्याआधी खरंच गवतात पालथे पडून बघा. बुंध्याशी माती ओलसर, वरची पाती दिसतही नाहीत.

इंद्रियंही त्याचीच हवीत. उंदीर अंधारात मिशांनी भिंत चाचपतो. सशाला जवळजवळ पाठीमागचंही दिसतं, पण अगदी नाकासमोरचं नाही. म्हणजे सापळा मागे नको, नाकापुढे लावा. ‘वॉटरशिप डाउन’ (१९७२) या सशांवरच्या इंग्रजी कादंबरीतले ससे चारपर्यंतच मोजतात, पुढचं सगळं ‘पुष्कळ’. एवढ्या एका तपशिलातून अख्खी जमात उभी राहते.

कपडे, तलवारी खुशाल द्या, पण शेपटी कुठे जाते तेही सांगा. मरण टाळू नका. फक्त कुणी गेल्यावर बाकीच्यांना पानभर तरी गप्प बसू द्या, लगेच पुढची लढाई नको.