माळावरच्या पाखरांसाठी सीमा ओलांडताना

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : आम्ही निपाणीचे चौघे मित्र डिसेंबरात दोन मुक्कामांची सहल ठरवतो आहोत. तित्तर, लावा, पखुर्डी (सँडग्राउज) आणि धाविक (कोर्सर) बघायचे आहेत, जमलं तर फोटोही काढायचे आहेत. सुप्याला जावं की सोलापूरजवळच्या नान्नजला? गाडी भाड्याची घ्यावी का?

उत्तर : आधी यादी दोन भागांत तोडा. तित्तर आणि लावा यांच्यासाठी राज्य ओलांडायची गरजच नाही. अथणी, रायबाग, गोकाकच्या कोरड्या माळांवर, बांधाच्या बाभळींखाली आणि रब्बी ज्वारीच्या कडेला हे दोन्ही पक्षी तुम्हाला घरच्या अंतरावर मिळतील. खर्च करायचा तो धाविक आणि पखुर्डीसाठी, आणि त्या दोघांसाठी आमचं मत सुप्याच्या बाजूने आहे.

नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ सालचं. तिथे काळवीट, लांडगा, चंडोलांच्या जाती आणि हिवाळ्यात भोवत्या हे शिकारी पक्षी चांगले दिसतात. माळढोक मात्र तिथे आता नावापुरता उरला आहे. त्याच्या आशेने गेलात तर सगळी सहल हिरमुसून जाईल. बारामती तालुक्यातलं सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, पण त्याच्या आसपासची पडीक रानं, खडकाळ माळ आणि चिंकारा फिरतात तो उघडा पट्टा धाविकाला नेमका मानवतो. त्याला गुडघाभर गवत चालत नाही. खुरटं गवत, मधूनमधून उघडी जमीन आणि पळायला मोकळी जागा त्याला हवी असते. म्हणून दाट गवताच्या कुंपणबंद पट्ट्यात त्याला शोधत बसू नका. मेंढरं चरून गेलेल्या माळावर बघा.

आता महिना. डिसेंबरात धाविक, तित्तर, भोवत्या मिळतील, पण पखुर्डीची खात्री नाही. पखुर्डी कोरडं बी खाते, त्यामुळे तिला रोज पाण्यावर यावंच लागतं. तिला गाठायची जागा म्हणजे पाणवठा. डिसेंबरात ओढ्यानाल्यांत, शेततळ्यांत सगळीकडे पाणी असतं, थवा कुठे उतरेल सांगता येत नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस ओढे आटतात, पाणी दोनचार जागीच उरतं आणि थवे तिथे येतात. भोवत्याही तोवर उत्तरेला परतलेल्या नसतात. तेव्हा तारीख पुढे ढकलता येत असेल तर फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा धरा. साधी पखुर्डी सूर्योदयानंतर दोनेक तासांनी, साधारण साडेआठ ते दहाच्या सुमारास पाण्यावर येते. रंगीत पखुर्डी येते ती सूर्य बुडाल्यावर, अंधुक उजेडात. तिचा फोटो मिळण्याची आशा ठेवू नका. पाण्याच्या काठावर बसलात तर थवा वरून दोन घिरट्या घालून तहानलेलाच निघून जातो. चाळीस-पन्नास मीटर मागे, सूर्य पाठीशी ठेवून, गाडीतच बसा.

मार्ग निपाणी, कोल्हापूर, सातारा, तिथून महामार्ग सोडून वाठार, लोणंद, निरा, मोरगाव, सुपे. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, चहा-जेवण धरून साडेपाच-सहा तास. टोल कोगनोळी, किणी आणि तासवडे इथे लागतील. साताऱ्यालाच वळल्यामुळे आनेवाडीचा वाचतो. डिसेंबर असो की फेब्रुवारी, उसाचा हंगाम चालू असतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्री मागचा दिवा नसताना रस्त्यावर असतात. म्हणून दुपारी बाराच्या आत निघा आणि दिवस मावळायच्या आत मुक्कामी पोचा. पहाटे तीनला निघून थेट माळावर जायचा मोह धरू नका. शिणलेल्या डोळ्यांना उघड्या मातीवरचा धाविक दिसत नाही, कारण त्याची पाठ मातीच्याच रंगाची असते.

मुक्कामाला बारामती सोयीची, मोरगाव जवळचं. मोरगाव अष्टविनायकांतलं असल्याने चतुर्थीला खोली मिळणं कठीण. पंचांग बघून तारखा ठरवा. शनिवार-रविवारही टाळा. एका लांडग्याभोवती सातआठ गाड्या उभ्या राहिल्या की माळावरचं सगळंच पांगतं.

दुसऱ्या दिवशी पावणेसातला माळावर असायला हवं. तेव्हा तित्तर गाडीवाटेवर धुळीत अंघोळ करत असतात किंवा बाभळीच्या ठेंगण्या फांदीवरून ओरडत असतात. गाडीचा वेग दहा-पंधरा किलोमीटर, काचा उघड्या, रेडिओ बंद, आणि दोघांनी डावीकडे तर दोघांनी उजवीकडे बघायचं. धाविक दिसला की सरळ त्याच्यावर गाडी घालू नका. तो थोडा पळतो, थांबतो, मान वर करतो, पुन्हा पळतो. त्याच्या पळण्याच्या दिशेला पुढे जाऊन, वाट न सोडता, इंजिन बंद करून थांबा. पुष्कळदा तो स्वतःच चरत वीस-पंचवीस मीटरवर येतो. दार उघडलंत की संपलं. साडेदहाला परत, जेवण, झोप. पुन्हा चार ते सूर्यास्त. तिसऱ्या दिवशीची सकाळ हाताशी राखलेली असते, कारण एखादी सकाळ धुक्यात किंवा ढगात जातेच.

इंदापूरजवळचं कडबनवाडी आणि बारामतीजवळचं शिर्सुफळ इथे महाराष्ट्र वनविभागाची गवताळ माळांची सफारी आहे. नोंदणी ऑनलाइन, सोबत स्थानिक मार्गदर्शक. एक फेरी तिथे जरूर घ्या. मार्गदर्शकाला पाणवठे माहीत असतात, आणि चार पैसे गावात राहिले तर गाव माळ राखतं.

भाड्याची गाडी घेताना चालकाला एकच विचारा : अखिल भारतीय पर्यटक परवाना आहे का? फक्त कर्नाटकचा परवाना असलेल्या पिवळ्या पाटीच्या गाडीला महाराष्ट्रात शिरताना वेगळा परवाना व कर लागतो, आणि तो भरलेला नसला की दंड, खोळंबा आणि भांडण तुमच्या वाट्याला येतं. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देणं बेकायदेशीर आहे. अपघात झाला तर विमा कंपनी हात झटकते. स्वतःची गाडी असेल तर ट्यूबलेस पंक्चरचं किट आणि हवा भरायचा छोटा पंप हवाच, कारण वाटेवर बाभळीचे काटे पसरलेले असतात. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर काळ्या रानातल्या वाटेवर गाडी घालूच नका. चाक एकदा फिरू लागलं की ट्रॅक्टरशिवाय निघत नाही. बसने जाणाऱ्यांनी १ नोव्हेंबर (कर्नाटक राज्योत्सव, सीमाभागातला काळा दिन) आणि बेळगावातल्या कर्नाटक विधिमंडळ अधिवेशनाचे दिवस टाळावेत. सीमाभागात ताण वाढला की दोन्ही राज्यांच्या बस अडकून पडतात.

पाणी माणशी तीन लिटर. कपडे मातकट, पांढरा सदरा नको. सुती मोजे घातलेत तर कुसळी गवताची कुसळं त्यांत रुतून घोटे सोलून निघतात. गुळगुळीत नायलॉनची पँट बुटावर बांधा. दुर्बीण आठ पट, बेचाळीस मिलिमीटरची. गवतात हात घालू नका, दगड उलटू नका. घोणस, फुरसं चावलं तर चिरणं, बांधणं, मांत्रिक काही नाही. हातपाय हलू न देता १०८ ला फोन. तो क्रमांक दोन्ही राज्यांत चालतो.

प्रश्न : आमच्या घरी पीकसंरक्षणाची परवान्याची बंदूक आहे. कर्नाटकात शिकारबंदी असली तरी दुसऱ्या एखाद्या राज्यात पैसे भरून तित्तर-लाव्यांच्या शिकारीचा परवाना मिळतो, असं ऐकलं. खरं काय? (खानापूर तालुका)

उत्तर : भारतात कुठेही मिळत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला परवान्याने शिकारीची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती संपली. हा केंद्राचा कायदा आहे, राज्य बदलून त्यातून सुटका नाही. जो कोणी असा परवाना मिळवून देतो म्हणतो तो तुमचे पैसे खाणार आणि खटला तुमच्यावर राहणार.

तुमचा परवाना बंदूक बाळगण्याचा आहे, पाखरं मारण्याचा नाही. तो किती क्षेत्रात चालतो ते त्यावरच लिहिलेलं असतं, म्हणून बंदूक घेऊन सहलीला निघणं हाच वेगळा गुन्हा ठरू शकतो. मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात हत्यार नेता येत नाही.

कायद्याच्या व्याख्येत शिकार म्हणजे फक्त गोळी घालणं नव्हे. फासे, जाळी लावणं, आमिष दाखवणं, हाकून काढणं, पाठलाग करणं, त्यांतला नुसता प्रयत्न, पक्ष्यांची अंडी फोडणं, घरट्याला त्रास देणं हे सगळं शिकारीतच मोडतं. छर्ऱ्याची बंदूकही सुटत नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेला प्राणी असेल किंवा शिकार अभयारण्यात केली असेल तर कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद, शिवाय किमान पंचवीस हजार दंड. रस्त्याकडेला पिंजऱ्यात मिळणारा रानलावा विकत घेणाराही यातून सुटत नाही. तो घेऊ नका, आणि सोडून देण्यासाठीही विकत घेऊ नका, कारण तुमच्या पैशाने उद्या आणखी दहा फासे लागतात. जागा आणि वेळ टिपून वनविभागाला कळवा.

प्रश्न : माझ्याकडे दोन वर्षांचा मुधोळ कुत्रा आहे. माळावरच्या सहलीला त्याला सोबत नेऊ का? साखळीतच ठेवीन. (अथणी)

उत्तर : नेऊ नका, साखळीतसुद्धा. मुधोळ नजरेवर धावणारा कुत्रा आहे. ससा किंवा चिंकारा उठला की तो हाकेला फिरत नाही. साखळी हातातून निसटली तर पुढचा पाठलाग कायद्याने शिकार ठरतो आणि जबाबदार तुम्ही. शिवाय कुत्र्याचा नुसता वास आणि वावर जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्याला उठवायला पुरतो. तिसरी गोष्ट सगळ्यांत गंभीर : डिस्टेंपर आणि रेबीज हे रोग पाळीव कुत्र्यांकडून लांडग्या-कोल्ह्यांत जातात, आणि या माळांवर लांडगे आधीच थोडे आहेत. लस पूर्ण झालेला कुत्राही गोचीड वाहून नेतोच. त्याला पळवायचं तर कापणी झालेलं, कुंपण असलेलं स्वतःचं रान बरं. सहलीच्या दोन दिवसांत त्याला ओळखीच्या घरी ठेवा.

प्रश्न : सहाशे मिलिमीटरच्या लेन्सने काढलेले माळावरचे फोटो पाण्यात हलल्यासारखे येतात. लेन्स दुरुस्तीला देऊ का? (बेळगाव)

उत्तर : आधी हे करून बघा. नऊ-साडेनऊनंतर तापलेल्या जमिनीवरच्या हवेचे थर वेगवेगळ्या घनतेचे होतात आणि प्रकाश वाकवतात. लेन्स जितकी लांब आणि पक्षी जितका दूर, तितका दोष जास्त. शटरचा वेग वाढवून तो जात नाही. उपाय अंतर कमी करण्याचा आणि वेळ लवकरची धरण्याचा. साठ मीटरवरचा फोटो काढूच नका, पंचवीसवर येईपर्यंत थांबा.

हिवाळ्यात सकाळी सातलाही असं होत असेल तर कारण गाडीत आहे. आतली गरम हवा खिडकीतून थंड हवेत मिसळते, नेमकी लेन्सच्या तोंडाशी. पोचल्यावर दहा मिनिटं चारही काचा उघड्या ठेवा, हीटर बंद, आणि तापलेल्या बॉनेटवरून फोटो घेऊ नका. इंजिन चालू असेल तर कंपही मिसळतो. जुन्या जीन्सचा पाय शिवून त्यात दीड-दोन किलो तांदूळ भरा आणि ती पिशवी खिडकीच्या काठावर ठेवा. खिडकीला लावायच्या महागड्या स्टँडपेक्षा ती बरी. शटरचा वेग बसलेल्या पक्ष्याला १/१००० सेकंद, उडत्या पखुर्डीला १/२००० सेकंद किंवा त्याहून जलद.

प्रश्न : मोबाइलवर तित्तराचा आवाज लावला तर तो बाहेर येतो. यात गैर काय? (चिकोडी)

उत्तर : तो भांडायला बाहेर येतो. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असं त्याला वाटतं, चरणं सोडून तो उघड्यावर धावतो आणि ससाण्याच्या नजरेला पडतो. मादी अंड्यांवर असेल तर नुकसान दुप्पट. लावू नका. बाभळीपासून तीस मीटरवर पंधरा मिनिटं गप्प बसलात तरी तो ओरडतोच.

प्रश्न : मुलांच्या परीक्षा संपल्यावर एप्रिलमध्ये नेलं तर चालेल का? (बेळगाव)

उत्तर : चालेल, पण गाडीतूनच. मार्चच्या मध्यापासून धाविक, माळटिटवी, चंडोल उघड्या जमिनीवर अंडी घालतात. तीन पावलांवरून दिसत नाहीत आणि पायाखाली येतात. तुम्ही जवळ घोटाळत राहिलात तर पक्षी अंड्यांवरून उठून राहतो, आणि एप्रिलच्या उन्हात सावलीविना अंडी लवकरच निकामी होतात. टिटवी डोक्यावर ओरडत फिरू लागली की तिथून आल्या वाटेनेच मागे फिरा. मुलांना पाणवठ्याच्या मागे गाडीत बसवून सकाळी साडेआठ ते दहा पखुर्ड्या दाखवा. त्या महिन्यात त्या हमखास येतात. दहानंतर परत खोलीवर.