दोन दिवसांची रत्नागिरी

प्रश्न : डिसेंबरात सासूबाईंना घेऊन दोन दिवस रत्नागिरीला जाण्याचा विचार आहे. त्यांचे गुडघे दुखतात. खाण्याची मात्र आम्हा दोघींनाही हौस आहे. काय पाहावे? – एक वाचक, दापोली

उत्तर : पहिली सकाळ थिबा राजवाड्यासाठी ठेवावी. 1885 साली इंग्रजांनी पदच्युत केलेल्या ब्रह्मदेशाच्या थिबा राजासाठी बांधलेला हा वाडा 1910 मध्ये पूर्ण झाला आणि 1916 मध्ये राजाचे निधनही रत्नागिरीतच झाले. तेथील लाकडी नक्षी सावकाश पाहावी. वाड्याजवळच्या थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी दिसते. सासूबाईंना तिथे निवांत बसता येईल. लोकमान्य टिळकांचे कौलारू जन्मघर आणि 1931 मध्ये सर्वांसाठी खुले झालेले पतितपावन मंदिर, दोन्ही शहरातच असल्याने रिक्षाने दुपारपर्यंत सहज पाहून होतात. तीन बाजूंनी समुद्र असलेला रत्नदुर्ग किल्ला दुसऱ्या दिवशी उन्हे चढण्यापूर्वी करावा. पायऱ्या मात्र सासूबाईंच्या गुडघ्यांचा अंदाज घेऊनच चढाव्यात.

आता जेवणाचे. हापूस डिसेंबरात मिळत नाही, तेव्हा आंबा म्हणून कोणी काही पुढे केल्यास भुलू नये. त्याऐवजी न्याहारीला घावणे आणि नारळाचा रस घ्यावा. तव्यावरून उतरलेला जाळीदार घावन गरम असतानाच खावा, गार झाला की चिवट होतो. मासे चालत असतील तर तळलेला बांगडा आणि तिसऱ्यांचे (शिंपल्यांचे) सुके मागवावे, आणि सोलकढी ताज्या नारळाच्या दुधाची आहे ना, हे विचारूनच घ्यावी.