रविवारी अकरा वाजता तुमच्या आई कुठे होत्या?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझा जन्म पुण्याच्या भवानी पेठेतला, टिंबर मार्केटच्या मागच्या एका गल्लीतला. वय २९, नोकरी हडपसरला. माझ्या लहानपणी रात्री अकरापर्यंत ओट्यांवर माणसं असायची. आता निम्मी घरं कोंढवा, मांजरी, धायरीला गेली आणि खालच्या मजल्यांची गोडाऊन झाली. आठला शटर पडली की गल्ली अंधारी. कोपऱ्यावर कचऱ्याचा ढीग. तिथे दोनदा सफाई झाली, रांगोळी काढली, कुंड्या ठेवल्या. पंधरा दिवसांत कुंड्यांतच कचरा. माझ्या आर्किटेक्ट मित्राने गल्लीचा सुंदर आराखडा करून दिला : रंगवलेल्या भिंती, बाकं, जुन्या धाटणीचे दिवे. लोकांचं मत घ्यावं म्हणून रविवारी सकाळी अकराला तालमीत बैठक लावली. चौदा जण आले, सगळे साठीपुढचे पुरुष. पाऊण तास पार्किंगवरून भांडण झालं आणि चहा पिऊन सगळे पांगले. लोकांनाच काही पडलेलं नाही, असं समजायचं का?
– एक वाचक, भवानी पेठ

उत्तर : रविवारी सकाळी अकरा वाजता तुमच्या आई कुठे होत्या? तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला अंदाज आहे. त्या वेळेला पेठेतल्या घरात मटणाला फोडणी पडलेली असते आणि आठवड्याचं धुणं दोरीवर चढत असतं. त्यातून बैठक तालमीत. तिथे बायका एरवी कधी पाय ठेवतात का? गोडाऊनवरचे हमाल आठवड्यातून एक दिवस झोपतात, तोही रविवारच. तुम्ही वेळ आणि जागा ठरवलीत तेव्हाच कोण येणार तेही ठरून गेलं. लोकांना पडलेलं नाही, असं अजिबात समजू नका.

हीच चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून इतक्या ठामपणे सांगते. वस्त्यांमध्ये बचत गट बांधण्यात माझी २८ वर्षं गेली. सुरुवातीच्या दिवसांत एका वस्तीत सार्वजनिक नळाशेजारी धुण्याचा कट्टा बांधायचा होता. रात्री आठला मंडळाच्या खोलीत बैठक घेतली, पुरुषांनी माना डोलावल्या आणि मी कमरेइतक्या उंचीचा कट्टा सुचवला. बायकांच्या पाठी दुखू नयेत, एवढंच मनात होतं. कट्टा झाला आणि एकही बाई त्यावर धुवेना. उभ्याने धुतलं की सगळं पाणी पोटावरून पातळावर येतं, आणि तिथल्या बायकांना बसून, कपडा पायाखाली दाबून धुवायची सवय. महिन्याभरात कट्ट्यावर पत्त्यांचा डाव बसायला लागला.

पुढे दुसऱ्या वस्तीत तेच काम निघालं तेव्हा मी पहाटे सहाला थेट नळावर गेले. एक आजी उकिडव्या बसल्या, हात पुढे केला, विटेच्या तुकड्याने भिंतीवर रेघ मारली आणि म्हणाल्या, “एवढा.” मी टेप लावला. बरोबर ९ इंच, म्हणजे एक वीत. काही वर्षांनी तिकडे गेले तर त्या कट्ट्याची फरशी घासून घासून गुळगुळीत झालेली होती.

तुमच्या मित्राचा आराखडा फाडू नका, पण तूर्तास घडी घालून ठेवा. आधी सात दिवस एक वही घेऊन गल्लीच्या वेळा लिहा. कचऱ्याच्या कोपऱ्यापासून सुरुवात करा. तुमच्याकडे दारोदार कचरा घ्यायला जी कचरावेचक ताई येते, तिच्याबरोबर एक फेरी मारा. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचं काम २००८ पासून चालू आहे. कुठल्या घरातून काय निघतं आणि किती वाजता, हे या बायकांना तोंडपाठ असतं. बैठकीचं बोलावणं मात्र त्यांना कुणी देत नाही. माझा अनुभव सांगते. कोपऱ्यावर पिशवी टाकणारी बहुतेक माणसं बेपर्वा नसतात. जी बाई पहाटे साडेपाचला स्वयंपाकाच्या कामाला बाहेर पडते, ती साडेआठला येणाऱ्या गाडीत कचरा कसा टाकणार? आणि जो हमाल भाड्याच्या खोलीत सात जणांबरोबर राहतो, त्याच्या खोलीची घरांमध्ये गणतीच नसेल तर त्याच्या दारात कचरा मागायला कोण जाणार? कुंडी ठेवली म्हणून यातलं काही बदलत नाही. वहीत वेळ सापडली की ती घेऊन आरोग्य कोठीवर, म्हणजे महापालिकेच्या सफाई खात्याच्या तुमच्या भागातल्या ठाण्यावर जा, मुकादमाला दाखवा आणि त्या कोपऱ्यासाठी दुसरी फेरी मागा. नुसती तक्रार घेऊन गेलात तर पुन्हा रांगोळीच मिळेल.

अंधाराचंही तसंच. रात्री साडेआठला तुमच्या आईला आणि शेजारच्या दोन-तीन जणींना घेऊन गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चाला. त्यांना एकच विचारा, कुठून तुमची पावलं भरभर पडायला लागतात? तिथे खडूने फुली मारा. सगळ्या गल्लीभर जुन्या धाटणीचे दिवे लावण्याआधी त्या फुल्यांवर उजेड पडू दे. गोडाऊनवाल्यांना भेटून शटरवर बाहेरच्या बाजूने एकेक एलईडी दिवा लावायला सांगा. आपला माल सांभाळायचा असल्याने ते सहसा नाही म्हणत नाहीत.

आता बैठकीचं. तुमच्या पेठेत पालखी विठोबाच्या देवळात ज्ञानोबांच्या पालखीचा मुक्काम असतो, शेजारी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला तुकोबांची पालखी असते. त्या दोन रात्री तुमच्या गल्लीत काय होतं ते आठवा. गल्ली झाडली जाते, ओट्यांवर वारकरी झोपतात, कुणी पिठलं-भाकरी करतं, कुणी पाण्याचा पिंप भरून ठेवतं आणि मांजरीला गेलेली माणसंही झाडून परत येतात. कुठलीही संस्था येऊन हे शिकवत नाही. कुणाच्या घरी मोठं पातेलं आहे, रात्री दोनला कुणाला उठवलं तर तो येतो, हे तुमच्या गल्लीला पक्कं माहीत आहे. ती यादी कागदावर उतरवा. तुमची खरी समिती तीच. पालखी पुढे गेल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एखाद्या ओट्यावर बसा, तालमीत नको. भाडेकरू आणि हमाल यांना स्वतः जाऊन सांगा. नोटीस लावून ती माणसं यायची नाहीत.

पैशांचं म्हणाल तर पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांनी कामं सुचवण्याची पद्धत २००६ पासून आहे. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ साली ही कल्पना रुजली, तिथून ती जगभर गेली. अर्ज साधारण पावसाळ्याच्या उत्तरार्धात घेतात, म्हणजे पालखीनंतर तुमच्या हातात वेळ उरतो. एका कामाला ५ लाखांची मर्यादा चालत आलेली आहे. यंदाचा आकडा आणि शेवटची तारीख भवानी पेठ क्षेत्रीय कार्यालयात विचारून घ्या. “गल्लीचं सुशोभीकरण” असं लिहून देऊ नका, त्यातून काहीही निघू शकतं. दिव्याच्या खांबाला नंबर असेल तर तो लिहा, अमुक घरापासून तमुक घरापर्यंत इतके फूट असं लिहा, खडूच्या फुल्यांचे फोटो जोडा. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. पुढे काम अडलं तर माहिती अधिकाराखाली अर्ज करून फाइल पाहता येते. एकट्याने जाऊ नका, आईलाही न्या.

थोडा वाटा लोकांचाही असू द्या. येरवड्यातल्या वस्त्यांमध्ये २००९ नंतर कच्ची घरं जागच्या जागी पक्की झाली, २७० चौरस फुटांची. केंद्र, राज्य आणि महापालिका यांच्या पैशांबरोबर १० टक्के त्या त्या कुटुंबाने घातले, आणि महिला मिलन या वस्त्यांमधल्या बायकांच्या संघटनेतल्या बायका त्यासाठी घरोघर फिरल्या. जी घरं आधीच पक्की होती ती पाडली नाहीत, त्यामुळे शेजार मोडला नाही. स्वतःचे पैसे घातलेली बाई सिमेंटची गोणी मोजून घेते. तुमच्या गल्लीत घरटी शंभर रुपये निघाले तरी पुष्कळ. हिशोब मात्र फळ्यावर, सगळ्यांना वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरात लिहा.

मग तो आराखडा उघडा. भिंती रंगवायच्या की नाही, हे तेव्हा त्या भिंतींआड राहणाऱ्यांना विचारा.

प्रश्न : आम्ही कसबा पेठेत तांबट आळीत राहतो. मिस्टर आणि दीर मठारकाम करतात, म्हणजे तांब्याच्या भांड्यांवर हातोडीने ठोके काढतात. अलीकडे वारसा पाहायला पाहुणे येतात, फोटो काढतात, चांगलं वाटतं. आता कुणी म्हणतं, आळी फक्त चालणाऱ्यांसाठी करावी. “तुमचं मत सांगा” म्हणून फॉर्म दिलाय, त्यात ‘हो’ आणि ‘नाही’ एवढंच आहे. पत्रा आणणारा टेम्पो कुठे उभा राहणार, हे कुठे लिहायचं?
– एक भगिनी, कसबा पेठ

उत्तर : फॉर्मच्या पाठीमागे लिहा. तुमचा प्रश्न अगदी योग्य आहे. आळीतला हातोड्याचा आवाज ऐकायला पाहुणे येतात, आणि पत्रा वेळेवर आला तरच तो आवाज चालू राहतो. ‘हो’वरही खूण करू नका, ‘नाही’वरही नको. टेम्पो कुठल्या वारी येतो, किती वाजता येतो, उतरवायला किती मिनिटं लागतात, भंगार आणि तयार माल केव्हा जातो, एवढं आळीतल्या सगळ्या कारागिरांनी मिळून एका कागदावर मांडा. त्या वेळा मोकळ्या ठेवून बाकीचा दिवस रस्ता चालणाऱ्यांना देता येतो. शिवाय आधी एक दिवस करून पाहा, अशी लेखी मागणी करा. ११ डिसेंबर २०२१ ला महापालिकेने लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन केला, तोही एका दिवसापुरता. तुमच्याकडचा दिवस मात्र माल येण्याचा वार पाहूनच ठरवायला सांगा. आळीला सुट्टी असेल त्या दिवशी रस्ता बंद केला तर तुमची अडचण कुणाला दिसणार नाही.

वेळांचा कागद तयार झाला की त्याची एक प्रत मला पाठवा. त्यातला सकाळचा टेम्पो आणि पाहुण्यांची फेरी एकाच वेळेला येत असेल, तर फेरी नेणाऱ्यांशी बोलून ती तासभर पुढे ढकलता येईल का, ते आधी पाहू.