कॅम्पचं पत्र आणि कोचचा फोन

*“मावशी, नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगा अकरावीत आहे, उंची सहा फूट एक इंच, शाळेच्या बास्केटबॉल संघाचा पॉइंट गार्ड, म्हणजे खेळ रचणारा. अभ्यासात चांगला आहे. गेली तीन वर्षं एएयूच्या (शाळेबाहेरच्या हौशी स्पर्धांच्या) संघाबरोबर उन्हाळाभर या गावाहून त्या गावी चाललंय. पैसा आणि शनिवार-रविवार दोन्ही त्यातच जातात. ह्यांना डिव्हिजन वनशिवाय, म्हणजे कॉलेजच्या खेळांतल्या सगळ्यात वरच्या गटाशिवाय, काही दिसत नाही. ह्यांचं स्वतःचं बास्केटबॉल बारावीत सुटलं, तेही कारण असेल. एका मोठ्या युनिव्हर्सिटीकडून कॅम्पचं आमंत्रण आलं, तर ह्यांनी ते मंडळात सगळ्यांना दाखवलं. आता एका रिक्रूटिंग (कॉलेजच्या संघात निवड व्हायला मदत करणाऱ्या) कंपनीला चार हजार डॉलर भरायचं घाटतंय. एएयूचे कोच म्हणतात, अकरावी पुन्हा करू द्या, एक वर्ष हातात येईल. इकडे पेनसिल्व्हेनियातल्या एका डिव्हिजन थ्री कॉलेजचे कोच मुलाला दोन महिने फोन करताहेत, एकदा शाळेची मॅचही बघून गेले. त्याला ते आवडलेत. पण तो बाबांना सांगत नाही, आणि मलाही ‘सांगू नकोस’ म्हणतो. ह्यांचं म्हणणं, स्कॉलरशिप नाही तर ते कसलं रिक्रूटिंग! मी गप्प बसून ह्यांना फसवतेय का?”*
*— एक आई*

कोच शाळेची मॅच बघून गेले, हे तू जाता जाता लिहिलंयस. मला विचारशील तर अख्ख्या पत्रातली बातमी तीच आहे.

आधी त्या कॅम्पच्या पत्राचं बघू, कारण तुमच्या घरातला घोळ तिथून सुरू झालाय. मुलांच्या बास्केटबॉलमध्ये डिव्हिजन वनच्या कोचना दहावी संपल्यावरच्या १५ जूनपासून खेळाडूला थेट फोन, मेसेज, ईमेल करायची परवानगी असते. कॅम्पची माहितीपत्रकं आणि प्रश्नावल्या मात्र ते कधीही, कुणालाही पाठवू शकतात. म्हणजे तुमच्या चिरंजीवांना फोन करायला गेल्या जूनपासून कुणी अडवलेलं नाही, आणि तरी डिव्हिजन वनच्या एकाही कोचने फोन केलेला नाही. कॅम्प भरवायला पैसे लागतात, ते पैसे शेकडो पालकांच्या फीतून येतात. पत्रात मुलाचं नाव वर छापलेलं असलं तरी खाली त्याच्या एखाद्या मॅचचा, एखाद्या पासचा उल्लेख आहे का, बघ. नसेल तर ती जाहिरात आहे. मंडळात दाखवून झालीच आहे, तेव्हा आता ती फ्रिजवर लावा, हरकत नाही.

ह्यांच्यावर मी रागावत नाही. न्यू जर्सीत राहून रटगर्सचं, म्हणजे आपल्याच राज्याच्या युनिव्हर्सिटीचं, स्वप्न कुणाला पडत नाही! २०२४-२५ च्या हंगामात त्या संघात डिलन हार्पर आणि एस बेली होते. २०२५ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, हार्पर दुसऱ्या क्रमांकावर गेला, बेली पाचव्या. हार्पर तुमच्याच राज्यातल्या शाळेत खेळलेला. पण हार्पर गार्ड आहे आणि त्याची उंची सहा फूट सहा इंच आहे, आणि असे दोघे असूनही त्या वर्षी रटगर्स हरली जास्त, जिंकली कमी. त्या पातळीवर दर्जा काय असतो, हे एवढ्यावरून कळावं. शाळेत बास्केटबॉल खेळणाऱ्या शंभर मुलांपैकी एनसीएएच्या (कॉलेजचे खेळ चालवणाऱ्या संघटनेच्या) तिन्ही डिव्हिजन धरून साधारण तीन-चार मुलं कॉलेजात खेळतात. डिव्हिजन वनमध्ये जेमतेम एक.

त्यात गेल्या काही वर्षांत दार आणखी अरुंद झालंय, आणि हे बऱ्याच पालकांच्या लक्षात आलेलं नाही. पूर्वी कोचला गार्ड हवा असला की तो शाळा शोधायचा. आता तो आधी ट्रान्सफर पोर्टल उघडतो. तिथे दोन-तीन वर्षं कॉलेजात खेळून अंगापिंडाने तयार झालेले बावीस वर्षांचे पुरुष एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात जायला उभे असतात. सतरा वर्षांच्या पोराला घडवत बसायला कोचला वेळ कुठाय? त्याची स्वतःची नोकरी दर वर्षी टांगणीला. शिवाय जून २०२५ मध्ये खेळाडूंनी एनसीएएवर भरलेल्या ‘हाउस’ खटल्यातली तडजोड कोर्टाने मंजूर केली. १ जुलैपासून कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागले, आणि त्या व्यवस्थेत सामील झालेल्या कॉलेजांत बास्केटबॉलचा संघ १५ जणांवर थांबतो. त्यामुळे ‘स्कॉलरशिप नाही तर नाही, वॉक-ऑन म्हणून घुसू’ हा जो शेवटचा आधार वडील मंडळी मनात धरून असतात, तोही डळमळलाय.

चार हजार डॉलर भरू नका. ती कंपनी काय करणार? मुलाचं प्रोफाइल बनवणार आणि शेकडो कोचना एकसारखा ईमेल धाडणार. तसले ईमेल कोचच्या इनबॉक्समध्ये रोज पडतात. त्याऐवजी मुलाने स्वतः पंधरा-वीस कॉलेजं निवडावीत, जिथे बास्केटबॉल नसतं तरी तो गेला असता अशी, आणि प्रत्येक कोचला चार ओळी लिहाव्यात: नाव, उंची, कोणत्या वर्षी शाळा संपणार, जीपीए (गुणांची सरासरी), पुढच्या मॅचेस कधी आणि कुठे, व्हिडिओची लिंक. व्हिडिओ तीन-चार मिनिटांचा पुरे, वर गाणं नको. सोबत एक पूर्ण, न कापलेली मॅच द्यावी. बास्केट सगळ्यांचेच दिसतात. कोच बघतो ते दुसरंच. बॉल हातून गेल्यावर पोरगा कपाळावर हात मारून उभा राहतो की मागे धावतो. बाहेर बसवल्यावर टॉवेल तोंडावर घेतो की बाकावरून ओरडत राहतो. आणि हो, प्रेक्षकांत बसून मुलाला ‘शूट, शूट’ सांगणारे बाबाही त्याला दिसतात. हे ह्यांना सांगायचं की नाही ते तू ठरव.

अकरावी पुन्हा करायचा सल्ला मला अजिबात पटलेला नाही. डिव्हिजन वनसाठी १६ कोअर कोर्स, म्हणजे मुख्य विषयांचे कोर्स, लागतात, कोअर जीपीए किमान २.३ लागतो, आणि घड्याळ नववी सुरू झाल्या दिवसापासून चालू होतं. चार वर्षांत ते कोर्स व्हायला हवेत, त्यातले १० बारावी सुरू व्हायच्या आधी. वर्ष वाढवलं म्हणून एनसीएए घड्याळ थांबवत नाही. आणि वाढलेल्या वर्षात तो उन्हाळ्यात कुणाच्या संघातून खेळणार, फी कुणाला मिळणार? हा प्रश्न कोचला सरळ विचारता येणार नाही, पण तुम्ही दोघांनी मनात विचारायला हरकत नाही.

आता डिव्हिजन थ्री. आपल्या लोकांना तो तीनचा आकडा छळतो. थर्ड क्लासचं तिकीट काढल्यासारखं वाटतं. मंडळात कुणी नाक मुरडलं तर एवढंच सांग की एमआयटी, कॅलटेक, शिकागो युनिव्हर्सिटी, कार्नेगी मेलन हे सगळे डिव्हिजन थ्रीत खेळतात. तुमच्या जवळचं होबोकनचं स्टीव्हन्सही, आणि युइंगचं टीसीएनजेही. काकू गप्प बसतील. मायामी हीटकडून एनबीएची फायनल खेळलेला डंकन रॉबिन्सन पहिलं वर्ष विल्यम्स कॉलेजात, डिव्हिजन थ्रीतच खेळला आणि मग मिशिगनला गेला. हे उदाहरण मात्र ह्यांना जपून सांग. नाहीतर उद्यापासून घरात रॉबिन्सनचा जप सुरू व्हायचा.

पैशाच्या बाबतीत ह्यांचं अर्धं बरोबर आहे. डिव्हिजन थ्रीत खेळासाठी स्कॉलरशिपचा एक डॉलरही मिळत नाही, हा नियमच आहे. पण तो प्रिन्स्टन-हार्वर्डच्या आयव्ही लीगलाही आहे, आणि प्रिन्स्टनच्या कोचचा फोन आला असता तर ह्यांनी तो नाकारला असता का? डिव्हिजन थ्रीची कॉलेजं घरच्या उत्पन्नावर आधारित मदत देतात, आणि त्यातली बरीच अभ्यासाच्या जोरावर मेरिटची सवलतही देतात. ती एका वर्षी बॉल हातून सुटला किंवा गुडघा दुखावला म्हणून जात नाही. जवळपास प्रत्येक अमेरिकन कॉलेजच्या वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता किती भरावं लागेल ते काढायची सोय) असतो, कायद्यानेच ठेवावा लागतो. शनिवारी दुपारी टॅक्सचे कागद घेऊन ह्यांच्याबरोबर बस, त्या कॉलेजचा आकडा काढ आणि शेजारी रटगर्सचा राज्यातल्या विद्यार्थ्यांसाठीचा खर्च लिही. दोन आयटीचे पगार असतील तर गरजेवरची मदत फारशी मिळणार नाही, हेही आधीच कळू दे. भांडायचं तर आकड्यावर भांडा.

कोच खरंच उत्सुक आहे का, हे तपासायला एक चांगली सोय आहे. अकरावी संपल्यावर उन्हाळ्यात अशा अनेक कॉलेजांचे कोच मुलाचे गुण, एसएटीचा स्कोअर आणि बारावीचे विषय मागून अ‍ॅडमिशन ऑफिसला दाखवतात. त्याला प्री-रीड म्हणतात. तिथून ‘मुलगा बसतो’ असा कौल आला की मग कोच त्याच्या अर्जामागे आपलं वजन टाकतो. मुलाने फोनवर तीन गोष्टी विचाराव्यात: तुम्ही माझा प्री-रीड करणार का? माझ्या वर्षात किती गार्ड घेताय, आणि त्यांत मी कितवा? आणि अर्ली डिसिजनचा अर्ज भरायच्या आधी खर्चाचा अंदाज मिळेल का? शेवटचा फार महत्त्वाचा आहे, कारण अर्ली डिसिजनने प्रवेश मिळाला की तिथेच जावं लागतं. या प्रश्नांना जो कोच नीट उत्तरं देतो, तो खरा. जो ‘आम्हाला तू फार आवडतोस’ एवढंच म्हणत राहतो, त्याच्या यादीत तुमच्यासारखे आणखी आठ जण आहेत, असं खुशाल समजावं. तोंडी ऑफर कुणालाच बांधून ठेवत नाही, ना कोचला ना मुलाला.

हे फोन मुलानेच करायचे. तू नाही, ह्यांनी तर नाहीच. अडखळेल, ‘यू नो, लाइक’ करत बसेल, करू दे. कोचना आईवडिलांशी बोलायला आवडतं, पण मुलगा बोलला की मग.

राहता राहिलं तुझं गप्प बसणं. फसवणूक वगैरे मोठे शब्द नकोत. मुलाने विश्वासाने सांगितलं, तू सांभाळलंस. पण आता निरोप्याचं काम सोड. तू ह्यांना सांगितलंस तर ते ‘आईने पोराला मवाळ केलं’ या खात्यात जमा होईल. मुलाला म्हण, येत्या रविवारपर्यंत बाबांना तू सांग, मी शेजारी बसेन पण बोलणार नाही. रविवारपर्यंत नाही सांगितलं तर सोमवारी मी सांगेन, तेही तुझ्या समोर. तारीख आधीच दिलीस की विश्वासघात होत नाही.

आणि ह्यांच्याशी एकदा, मुलगा घरात नसताना, त्यांच्या बारावीबद्दल बोल. ‘तुमची हौस पोरावर काढू नका’ असं नाही. तेव्हा नक्की काय झालं, कुणी थांबवलं, शेवटची मॅच कुणाबरोबर, एवढंच विचार आणि ऐक. माझा अंदाज असा की त्यांना डिव्हिजन वनपेक्षा ‘माझ्यासारखं पोराचं सुटू नये’ एवढंच हवं आहे. तसं असेल तर पेनसिल्व्हेनियाचा कोच त्यांच्या बाजूचा निघेल. चार वर्षं खेळायला देणारा माणूस दारात उभा आहे. पण हा अंदाजच. चुकला तर ते तुला पहिल्या पाच मिनिटांत समजेल.

कॅम्पची फी अजून भरली नसेल तर भरू नका. भरली असेल तर पोराला जाऊ दे, तीन दिवस मजेत खेळेल, आपण कुठे आहोत हे स्वतःच्या डोळ्यांनी बघून येईल. आणि परतताना त्या डिव्हिजन थ्रीच्या कॉलेजवरून गाडी वळवा, तिघंही. वसतिगृह बघा, जिम बघा, मेसमध्ये जेवा. ह्यांना कोचशी हात मिळवू दे.

कॅल्क्युलेटरचा आकडा काय आला ते मला कळव.

— मावशी