तुमचे प्रश्न : डेटा इम्पोर्ट रेंगाळतं तेव्हा

प्रश्न : ताई, जुन्या सिस्टिममधल्या ग्राहकांच्या सुमारे 40 लाख नोंदी सीएसव्ही फाइलमधून पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसमध्ये आणायच्या आहेत. त्यासाठी सहकाऱ्याने एक टूल लिहिलंय. ते एकेक ओळ उचलतं, तो ग्राहक क्रमांक टेबलात आहे का बघतं, असला तर नोंद सुधारतं, नसला तर नवी घालतं. दर 1000 ओळींना कमिट करतं, म्हणजे तोवरचे बदल कायम करतं. पहिल्या एक लाख ओळी 7 मिनिटांत गेल्या, पण नववा लाख पुरा व्हायला 2 तास लागले. सर्व्हरला 8 कोअर आहेत आणि सीपीयूचा वापर 12 टक्क्यांच्या आसपासच राहतो, म्हणून आमचा संशय डिस्कवर आहे. पॅरलल क्वेरीची (एक क्वेरी अनेक कोअरवर वाटण्याची) सोय आमच्याकडे बंद आहे. वेगवान एसएसडी घ्यावी का?

उत्तर : एसएसडी आत्ताच मागवू नका. तुम्ही आकडे नीट टिपून पाठवलेत आणि उत्तर त्या आकड्यांतच आहे. इम्पोर्ट हळू आहे असं कोणी म्हटलं की माझा पहिला प्रश्न एकच असतो : सुरुवातीपासून हळू, की हळूहळू हळू होत गेलं? दोन्ही दुखणी वेगळी, औषधंही वेगळी.

तुमचं दुसऱ्या प्रकारचं आहे. पहिला लाख भरत असताना टेबलात सरासरी 50 हजार ओळी होत्या. नववा लाख भरताना सरासरी साडेआठ लाख. म्हणजे 17 पट. आता 7 मिनिटांना 17 ने गुणा : 119 मिनिटं. तुमचे 2 तास! वेळ टेबलाच्या आकाराच्या अगदी प्रमाणात वाढतोय, म्हणजे प्रत्येक नव्या ओळीसाठी कोणीतरी सगळं टेबल वाचतंय. ते काम ‘हा ग्राहक आधीपासून आहे का’ या तपासणीचं. ग्राहक क्रमांकावर इंडेक्स, म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखी ओळ थेट शोधून देणारी यादी, नसणार. नवा ग्राहक तर टेबलात नसतोच, त्यामुळे तो नाही हे कळायला शेवटच्या ओळीपर्यंत जावं लागतं. या पद्धतीने 40 लाख नोंदी भरायच्या तर एकूण सुमारे 8 लाख कोटी ओळी वाचाव्या लागतील. कितीही महागडी डिस्क आणली तरी हे गणित बदलत नाही.

सीपीयूच्या 12 टक्क्यांनी तुम्हाला चकवलं. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये एका जोडणीमागे एक प्रोसेस असते आणि पॅरलल क्वेरी बंद असेल तर ती एकच कोअर वापरते. 8 कोअरमधला 1 म्हणजे साडेबारा टक्के. सर्व्हर निवांत बसलेला नाही. त्याचा एक कोअर पूर्ण घाम गाळतोय आणि उरलेले 7 रिकामे आहेत. अशा वेळी एकूण टक्केवारीवर न थांबता प्रत्येक कोअरचा आकडा वेगळा बघत जा.

माझ्या शब्दावर विसंबू नका, स्वतः खात्री करा. पीजी_स्टॅट_यूजर_टेबल्स या व्ह्यूमध्ये तुमच्या टेबलासमोरचा सेक_टप_रीड हा आकडा (सगळं टेबल चाळताना वाचलेल्या ओळींची मोजणी) बघा, एक मिनिटाने पुन्हा बघा. मिनिटभरात काहीशे ओळी भरल्या आणि हा आकडा मात्र कोट्यवधींनी चढला, तर निदान पक्कं. तपासणीची क्वेरी एक्सप्लेन (डेटाबेस ती कशी चालवतो हे दाखवणारी कमांड) लावून चालवलीत तर तिथे सीक्वेन्शियल स्कॅन, म्हणजे सगळं टेबल ओळीने वाचणंही दिसेल.

उपाय तसा छोटा. टूल थांबवा, ग्राहक क्रमांकावर युनिक इंडेक्स (एकच क्रमांक दोनदा येऊ न देणारा) करा आणि टूल पुन्हा सुरू करा. आधी आलेल्या ओळींची नुसती सुधारणा होईल, बिघडणार काही नाही. इंडेक्स असूनही वेग सुधारला नाही तर डेटा टाइप तपासा. कॉलम बिगइंट (पूर्णांक) आणि टूल पाठवतंय न्यूमेरिक (दशांशही चालणारा प्रकार), असं असेल तर पोस्टग्रेसक्यूएल तुलनेसाठी कॉलमचंच रूपांतर करतं आणि इंडेक्स बाजूला पडतो. ही चूक डोळ्यांना दिसत नाही, कारण दोन्हीकडे आकडे तेच असतात.

पण तुमच्या जागी मी असते तर एकेक ओळ तपासण्याची पद्धतच सोडली असती. एक तात्पुरतं अनलॉग्ड टेबल (ज्यातल्या बदलांची लॉगमध्ये नोंद होत नाही असं) करा, कॉपी कमांडने सगळी फाइल त्यात जशीच्या तशी ओता आणि मग एकाच इन्सर्टमध्ये, ऑन कॉन्फ्लिक्ट डू अपडेट (क्रमांक आधीच असेल तर नोंद सुधारा) लावून, मुख्य टेबलात न्या. ही सोय 9.5 आवृत्तीपासून आहे आणि तिला तो युनिक इंडेक्स लागतोच. एक अडचण येऊ शकते, ती आत्ताच सांगते : फाइलमध्ये एकच ग्राहक क्रमांक दोनदा असेल तर ही कमांड एकच ओळ दुसऱ्यांदा बदलायला नकार देते आणि सगळं काम रद्द होतं. म्हणून तात्पुरत्या टेबलातच डिस्टिंक्ट ऑन वापरून दर ग्राहकामागे एक ओळ निवडा. दोनपैकी खरी ओळ कोणती हे मात्र तुम्ही परस्पर ठरवू नका. ज्यांचा हा डेटा आहे, जे रोज ग्राहकांशी बोलतात, त्यांना विचारा. जुन्या सिस्टिममधून नव्यात येताना लोकांचे बरोबर पत्ते पुसले जातात ते नेमके इथे.

प्रश्न : ताई, आमचा मायएसक्यूएल सर्व्हर दुसऱ्या ठिकाणी आहे. 6 लाख ओळींच्या इम्पोर्टला पहिल्यापासून शेवटपर्यंत सेकंदाला 50 ओळी, हाच वेग मिळतो. टूल जावामध्ये आहे आणि बॅचचा आकार 1000 ठेवलाय. सर्व्हरची रॅम दुप्पट केली, काहीच फरक नाही. पिंगचा (सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्याचा) वेळ 18 मिलिसेकंद दिसतो. इनोडीबी_फ्लश_लॉग_ॲट_टीआरएक्स_कमिट (दर कमिटला बदलांचा लॉग डिस्कवर उतरवायचा की नाही ही सेटिंग) 0 करावं असं एकाने सुचवलं. करू का?

उत्तर : नको. तुमचा वेग कायम सारखा आहे, म्हणजे टेबलाच्या आकाराशी त्याचा संबंध नाही. सेकंदाला 50 म्हणजे एका ओळीला 20 मिलिसेकंद. त्यातले 18 नुसते जाण्यायेण्यात जातात. ओळ टेबलात घालणं, कमिट करणं, लॉग डिस्कवर उतरवणं हे सगळं मिळून उरलेल्या 2 मध्ये बसतंय. ज्या सेटिंगवर तुम्ही हात टाकणार आहात तिचा वाटा फार तर त्या 2 मधला. तेवढ्यासाठी, सर्व्हर कोसळला तर शेवटच्या सेकंदाभरातले कमिट हरवतील असा धोका पत्करू नये. रॅमचा उपयोग का झाला नाही हेही यातच आलं.

बॅच 1000 ची असूनही प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे जातेय, कारण जावाला मायएसक्यूएलशी जोडणारा कनेक्टर/जे हा ड्रायव्हर मूळ सेटिंगमध्ये बॅचमधली विधानं एकेक करूनच पाठवतो. जोडणीच्या पत्त्यात रीराइट-बॅच्ड-स्टेटमेंट्स हा पर्याय ट्रू करा (लिहिताना सगळं सलग, रेघांशिवाय). मग अनेक ओळींचं एक इन्सर्ट तयार होतं. ऑटोकमिटही (दर विधानानंतर आपोआप होणारं कमिट) बंद करा आणि बॅचमागे एकदा कमिट करा. हजार-हजार ओळी एकत्र गेल्या तर 6 लाखांऐवजी 600 खेपा होतील. नुसत्या प्रवासाचे आज 10,800 सेकंद म्हणजे 3 तास जातात, ते 11 सेकंदांवर येतील. ओळी फार रुंद असतील तर मॅक्स_अलाउड_पॅकेटची (एका वेळी पाठवता येणाऱ्या डेटाची) मर्यादा तेवढी बघून घ्या.

याहून सोपं म्हणजे फाइल सर्व्हरशेजारच्या मशीनवर नेऊन टूल तिथूनच चालवायचं. शक्य असेल तर मी आधी हेच करते.

प्रश्न : इम्पोर्टपूर्वी सगळे इंडेक्स आणि फॉरेन की (नोंद ज्या दुसऱ्या टेबलाचा हवाला देते तिथे ती आहेच, हे तपासणारे नियम) काढून टाकाव्यात, असं सगळीकडे वाचतो. नेहमीच करावं का?

उत्तर : टेबल रिकामं असेल तर दुय्यम इंडेक्स (प्रायमरी की सोडून बाकीचे) काढून भरणं आणि शेवटी एकदम बांधणं खरोखर फायद्याचं. कोटभर ओळींच्या टेबलात 50 हजारांची भर घालायची असेल तर काढू नका. भरताना वाचलेल्या वेळापेक्षा सगळ्या ओळींवर इंडेक्स पुन्हा बांधायलाच जास्त वेळ जाईल.

युनिक इंडेक्सबाबत मात्र मी हट्टी आहे, आणि त्याला कारण आहे. एका कामात वेग हवा म्हणून मी तो काढला होता. मध्येच नेटवर्क तुटलं, टूलने शेवटची बॅच पुन्हा पाठवली आणि कोणीच हरकत घेतली नाही, कारण हरकत घेणारा इंडेक्स मीच काढला होता. शेवटी युनिक इंडेक्स पुन्हा बांधायला गेले तेव्हा तो होईना. तोवर त्या नोंदींवर पुढचे व्यवहार झाले होते. दुहेरी ओळी वेगळ्या करताना मी आणि माझी सहकारी 3 दिवस बसलो होतो. वाचले होते जेमतेम 40 मिनिटं.

फॉरेन कीचंही तसंच. मायएसक्यूएलमध्ये फॉरेन_की_चेक्स 0 करून डेटा भरला आणि नंतर पुन्हा 1 केलं, तरी मधल्या काळात आलेल्या ओळी तपासल्या जात नाहीत. ज्या ऑर्डरीचा ग्राहकच नाही अशी ऑर्डर टेबलात निमूट बसून राहते. म्हणून तपासणी बंद केलीच तर, लोकांना सिस्टिम खुली करण्याआधी, ऑर्डरींना ग्राहकांचं टेबल लेफ्ट जॉइन करा (यात ग्राहक न सापडलेल्या ऑर्डरीही दिसतात) आणि ग्राहकाचा रकाना रिकामा आलेल्या ओळी मोजा. तो आकडा 0 आला पाहिजे.