टाय-डायचा रंग पहिल्याच धुण्यात निघून गेला, मुलीला परत करू द्यावं का?

तुम्ही लिहिलंय की 14 वर्षांच्या मुलीने मैत्रिणीबरोबर घरी टाय-डाय केलं (कापड रबरबँडने बांधून रंगवणं), रबरबँड सोडले तेव्हा टी-शर्ट झकास दिसत होता आणि पहिल्या धुण्यातच सगळा फिकट गुलाबी झाला. आता तिला परत करायचंय, वर जीन्सही फाडायचीये, आणि तुम्हाला वाटतंय की कपडे उगाच वाया जाणार.

करू द्या. मी शिवण शिकवते, या वयाची मुलं सुट्टीत माझ्याकडे हेच करायला येतात, त्यामुळे मनापासून सांगते की रंग गेला यात तिचा धांदरटपणा नसणार, कापड आणि रंग यांची जोडी जुळली नसणार, आणि हे तिला कोणी नीट सांगितलं तर ती दुसऱ्या वेळी तुमच्यापेक्षा जास्त काळजीने करेल.

आधी टी-शर्टच्या आतलं लेबल वाचायला सांगा. 100 टक्के कॉटन, लिनन किंवा रेयॉन असेल तर छान. पॉलिएस्टर असेल तर घरच्या साध्या रंगाने होणारच नाही, त्याला वेगळा डिस्पर्स डाय लागतो आणि कापड रंगात उकळत ठेवावं लागतं. अर्धं कॉटन अर्धं पॉलिएस्टर असेल तर फक्त कॉटनचे धागे रंग घेतात म्हणून फिकं दिसतं. (टी-शर्ट शुद्ध कॉटनचा असला तरी शिलाईचा दोरा बहुतेक वेळा पॉलिएस्टरचा असतो, तो पांढराच राहणार, मुलं त्यावरून हिरमुसतात म्हणून आधीच सांगून ठेवा.)

आता रंग. कॉटनसाठी फायबर रिॲक्टिव्ह डाय घ्या, प्रोसिऑन एमएक्स त्यातलाच. प्रोसिऑन रंग 1956 साली ब्रिटनच्या आयसीआय कंपनीने बाजारात आणले आणि त्यांचं वैशिष्ट्य हे की ते धाग्यावर नुसते बसत नाहीत, कापसातल्या सेल्युलोजशी त्यांचा रासायनिक बंध तयार होतो, म्हणून मग कितीही धुतलं तरी टिकतात. पण हा बंध व्हायला कापड अल्कलीत भिजलेलं लागतं आणि बहुतेक पोरं नेमकी हीच पायरी गाळतात, कारण व्हिडिओत ती दोन सेकंदात उरकलेली असते! त्यासाठी धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट वापरायचा, खायचा सोडा नाही. कोरडी पावडर असेल तर लिटरला साधारण 60 ग्रॅम, आणि स्फटिकासारखे खडे असतील तर त्यात पाणीच जास्त असतं म्हणून अडीच-पावणेतीन पट घ्या. टी-शर्ट आधी डिटर्जंटने धुवायचा, नव्या कपड्याला खळ असते ती निघायला हवी, मग सोड्याच्या पाण्यात 15-20 मिनिटं ठेवून घट्ट पिळायचा आणि ओला असतानाच दुमडून बांधायचा. व्हिनेगर टाकलं की रंग पक्का होतो असं सगळीकडे लिहिलेलं असतं, ते लोकर आणि रेशमाच्या ॲसिड डायचं आहे, इथे त्याने उलट काम बिघडतं.

रंग नुसत्या पाण्यात कालवून बाटलीत भरा, बाटलीत सोडा नको, नाहीतर रंग पाण्याशीच रिॲक्शन करून काही तासांत कमजोर होतो. बांधलेल्या गोळ्यावर दोन्ही बाजूंनी घड्यांच्या आतपर्यंत ओता, वरवर ओतला तर आत मोठमोठे पांढरे पट्टे राहतात. लालशेजारी हिरवा किंवा पिवळ्याशेजारी जांभळा ठेवला तर मधे मातकट तपकिरी येतो, पिवळ्याशेजारी निळा ठेवला तर मस्त हिरवा मिळतो, तेव्हा ओतायच्या आधी तिला कागदावर स्केचपेनने करून बघू दे. मग प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून 24 तास उबदार जागी, आणि मधेच उघडून बघायचं नाही (मुलांना हेच सगळ्यात जड जातं). दुसऱ्या दिवशी बांधलेलं असतानाच गार पाण्याखाली धरा, पाणी बऱ्यापैकी निवळलं की रबरबँड काढा, मग गरम पाण्यात डिटर्जंट घालून वेगळं धुवा. न चिकटलेला जादा रंग तेव्हा जाईल, घाबरू नका.

एका बाबतीत मात्र तुम्ही शेजारी उभं राहा. रंगाची पावडर कालवताना मास्क आणि हातमोजे हवेतच, ती श्वासात गेली तर ॲलर्जी होऊ शकते, आणि ज्या भांड्यात कालवाल ते परत स्वयंपाकात नको. काळ्या टी-शर्टवर ब्लीचने नक्षी करायचं तिने काढलं तर खिडक्या उघड्या ठेवा आणि ब्लीचजवळ व्हिनेगर किंवा दुसरं कुठलंही क्लीनर येऊ देऊ नका, विषारी वायू तयार होतो. शिवाय व्हिनेगरने ब्लीच थांबत नाही, पाण्याने खळखळून धुवून मग हायड्रोजन पेरॉक्साइडच्या पातळ द्रावणात बुडवावं लागतं. लायक्रा, लोकर, रेशीम यांना ब्लीच लावूच नका.

जीन्सचं तर मला फार आवडतं, कारण तिथे मुलांना पहिल्यांदा कळतं की कापड विणलेलं असतं. डेनिममध्ये उभे धागे निळे आणि आडवे पांढरे असतात. गुडघ्यावर आडवे दोन काप द्यायचे, एकमेकांपासून बोटभर अंतरावर, आणि चिमट्याने मधले निळे उभे धागे एकेक करून ओढून काढायचे, मग पांढऱ्या आडव्या धाग्यांची जाळी राहते. कात्रीने नुसतं भोक पाडलं तर ती जाळी मिळत नाही आणि भोक धुताना वाढत जातं. काप देण्याआधी जीन्स अंगावर घालून, गुडघा वाकवून खडूने खूण करायला सांगा, आणि दोन्ही टोकांना आतून चार-पाच घट्ट टाके घालायला लावा. हातशिलाई येत नसेल तर तेवढे टाके तुम्हीच दाखवा, बाकी सगळं तिचं तिला करू दे.